तापीकाठावरून : वहीतला मासा

या सदरात मासे पकडण्याविषयी लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असे कोणी पूर्वी सांगितले असते तर मी हसलो असतो. आमच्या घरात मासा शिजत नाही. तापीच्या काठी उभे आयुष्य गेले, तरी ओवाऱ्यावर टोपल्या मांडून बसणाऱ्या माछी बायकांशी आमचा संबंध ‘जरा वाट द्या’ एवढ्यापुरताच आला. परंतु यंदा होळीच्या सुमारास माझा पुतण्या घरी आला आणि त्याने अशी एक मागणी केली की, या विषयात शिरण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, त्यांचा हा मुलगा. वापीच्या एका कारखान्यात अभियंता आहे. आल्या आल्या चहाही न घेता म्हणाला, “काका, तुमच्या ओळखीचे ते जरीवाले अजून आहेत ना? मला थोडा कसब आणि थोडा बदला पाहिजे.” आमच्या सौभाग्यवतींना वाटले, घरात कोणाच्या लग्नाची बोलणी चालली असावीत आणि शालूचा विचार असावा. त्यांनी उत्साहाने विचारले, “किती तोळे?” तो म्हणाला, “काकू, चार हात पुरे. मला माश्या बांधायच्या आहेत.”

माशी बांधणे ही काय भानगड आहे, ती त्याने मग सविस्तर सांगितली. गळाने मासे धरण्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी एकात गळाला कणीक अथवा गांडूळ न लावता कृत्रिम माशी लावतात. गळाच्या बारीक आकड्यावर रेशमाचा दोरा, पक्ष्याचे पीस, सशाची लव आणि चकाकणारी धातूची तार गुंडाळून पाण्यावरच्या कीटकाचे हुबेहूब सोंग उभे करावयाचे. मासा ते खरे समजून तोंडात घेतो. माशीने मासा धरण्याची ही विद्या इंग्लंडात पुष्कळ जुनी आहे. आयझॅक वॉल्टन याचा गळमासेमारीवरचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली त्याच्या अकरा वर्षे आधी, छापून निघाला होता. चकाकणाऱ्या तारेसाठी आमच्या पुतण्याला सुरतेचा चापट बदला आणि रेशमावर गुंडाळलेला कसब परदेशी मालापेक्षा सरस वाटतो. जरीवाल्या शेजाऱ्याने त्या चार हात तारेचे पैसे घेतले नाहीत. “पैठणीला गेली, देवाच्या वाघ्याला गेली, आता माशाला जाऊ द्या,” एवढेच तो म्हणाला.

पिसांची कथा मात्र इतकी निर्मळ नाही. आपल्या सह्याद्रीत आणि इकडे डांगच्या रानात आढळणारा जो राखी रानकोंबडा, त्याच्या मानेवरच्या ठिपकेदार पिसांना विलायतेतील माशी बांधणाऱ्यांमध्ये फार मोठी मागणी असे आणि त्यापायी हे पक्षी मोठ्या संख्येने मारले गेले. आज कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. पुतण्या खुराड्यातल्या कोंबड्याचे पीस वापरतो. शोभा कमी येते, पण मासा तक्रार करीत नाही, असे त्याचे म्हणणे.

आता ही माशी तापीत टाकून भागत नाही. ज्या माशासाठी हा सारा खटाटोप, त्याचे नाव ट्राउट. त्याला वाहते, स्वच्छ आणि थंड पाणी लागते. उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या आपल्या नद्यांत तो जगत नाही. मुळात तो आपल्या देशाचाही नव्हे. १८९९ मध्ये ब्रिटनमधून त्याची अंडी काश्मीरला पाठविण्यात आली, ती वाटेतच नासली. १९०० मध्ये दुसरी खेप सुखरूप पोहोचली आणि श्रीनगरजवळ त्या माशांची वीण सुरू झाली. पुढे १९०९ च्या सुमारास काश्मीरहून अंडी कुलूकडे गेली आणि त्याच सुमारास दक्षिणेत निलगिरीच्या थंड ओढ्यांतही ट्राउटची दुसरी एक जात स्थिरावली. साहेब गेला, मासा राहिला. कुलूच्या बाजूला तीर्थन नावाची एक नदी आहे. बर्फाचे पाणी घेऊन ती हिमालयातील राष्ट्रीय उद्यानातून उतरते आणि लारजीजवळ बियासला मिळते. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र दरवर्षी चैत्रात त्या नदीवर जातात, सरकारी परवाना काढतात आणि दोन दिवस आपापसांत स्पर्धा लावतात.

या स्पर्धेचे नियम ऐकून मला मौज वाटली. प्रत्येकाच्या दोरीला एकच माशी. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो आधीच पक्कडीने दाबून सपाट करावयाचा, म्हणजे मासा सोडविताना त्याचे तोंड फाटत नाही. मासा पाण्याबाहेर काढावयाचा नाही. खुणा केलेली लाकडी पट्टी पाण्यातच त्याच्याशेजारी धरून नाकापासून शेपटीपर्यंत लांबी पाहावयाची, ओल्या हातानेच त्याला मोकळा करावयाचा आणि तेथल्या तेथे वहीत आकडा लिहावयाचा. प्रत्येकाच्या सर्वांत लांब तीन माशांची बेरीज धरावयाची. ज्याची बेरीज सर्वांत कमी भरेल त्याने उरलेल्या तिघांना सुरतेची घारी खिलवावयाची.

“आणि साक्षीदार?” मी विचारले.

“साक्षीदार कसला, काका? प्रत्येक जण दोन-दोन फर्लांगांवर एकटा उभा असतो. मासा तर सोडून दिलेला. वहीत जे लिहिले ते खरे.”

चैत्र संपता संपता तो परत आला तो घारीच्या चार डब्यांची चौकशी करीतच. म्हणजे स्पर्धा हरला होता. हरण्याची हकीकत अशी. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, ऊन डोंगराआड जाण्याच्या वेळी, एका मोठ्या धोंड्यामागे पाणी गोल फिरत होते तेथे त्याने माशी टाकली. ही माशी टाकणेही एक कसब आहे. हे कसब जरीचे नव्हे. इतर गळांना शिसे बांधलेले असते आणि त्याच्या भाराने दोरी लांब जाते. येथे माशीला वजनच नसते. म्हणून दोरीच जाड आणि जड घेतात, ती डोक्यावरून मागे-पुढे झुलवितात आणि शेवटी अशी सोडतात की माशी पाण्यावर पिसासारखी उतरावी. तशी ती उतरली आणि मोठा मासा लागला. दहा-बारा मिनिटे तो खाली-वर धावला आणि अखेर पायाशी आला. खालच्या अंगाला योगायोगाने एक मित्र उभा होता. त्याने मासा पाहिला आणि तो ओरडला, “चाळीसच्या वर आहे!” पुतण्या पट्टी काढण्यासाठी वाकला, दोरी क्षणभर सैल झाली आणि मासा निघून गेला.

रात्री शेकोटीपाशी तिघांनीही एकमताने सांगितले की, तो मासा चाळीस सेंटिमीटर धरावा; पाहणारा साक्षीदार आहे, कोणाची हरकत नाही. तसे धरले असते तर हा पहिला आला असता. परंतु त्याने वही आधीच लिहून टाकली होती. ती मी पाहिली. पाणी लागून शाई पसरलेल्या त्या पानावर वेळ लिहिलेली आहे, पाण्याची स्थिती लिहिलेली आहे, माशीचा प्रकार लिहिलेला आहे आणि पुढे तीनच शब्द आहेत : ‘सुटला. मोजला नाही.’

हे सारे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी जो प्रश्न विचारला तो बहुतेक वाचकांच्याही मनात आला असेल. त्या म्हणाल्या, “खायचा नाही, तर त्या मुक्या जिवाला छळायचे कशाला? माझ्या माहेराकडे महाडजवळ वाळणकोंड आहे. काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे आहेत, हातभर लांबीचे. आम्ही चुरमुरे टाकायचो आणि ते पायरीशी यायचे. गळ टाकण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. तुमच्या स्पर्धेपेक्षा ते बरे नाही का?”

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “काकू, त्याला त्रास होतो हे खरे आहे. आम्ही तो कमी करतो, नाहीसा करीत नाही. सोडलेले काही मासे पुढे मरतातही.” वाद जिंकण्यासाठी त्याने त्याहून अधिक काही सांगितले नाही, हे मला आवडले. पण जाताना तो मला कावेरीची एक हकीकत सांगून गेला. ती मी नंतर निवांतपणे वाचून काढली. तिचा एक धागा आपल्या मराठी मुलखातून जातो, म्हणून ती येथे देतो.

वाळणकोंडातले ते देवाचे मासे महसीर जातीचे. आपल्याकडे खडस म्हणतात तो हाच. मोठे खवले, जाड ओठ आणि अंगात विलक्षण बळ. तापी आणि नर्मदेच्या वरच्या अंगालाही महसीरची एक जात आहे. धरणे झाली, नद्यांत सुरुंगाची दारू आणि विष टाकून मासे मारण्याचा प्रकार वाढला आणि दख्खनच्या नद्यांतील निळ्या परांचा महसीर झपाट्याने कमी होऊ लागला. तेव्हा या कामी पुढे आले ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे ते संचालक होते. तरुणपणीच, १९४० साली, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका इवल्याशा, इंचभर माशाचे शास्त्रीय वर्णन करून त्यांनी नाव मिळविले होते. लोणावळ्याला टाटांच्या वीजकेंद्रांसाठी बांधलेले तलाव आहेत. तेथे १९७० च्या सुमारास त्यांनी महसीरची अंडी हाताने काढून, फळवून, पिले वाढविण्याचा प्रयोग यशस्वी केला. वळवणच्या त्या केंद्रातून पुढे कित्येक वर्षे लक्षावधी बोटुकली देशभर पाठविण्यात आली. दख्खनमध्ये तो मासा नष्ट होण्याची भीती टळली, याचे मोठे श्रेय त्या कामाला आहे. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट होय.

तीच बोटुकली कावेरीतही सोडण्यात आली. हेतू उत्तम होता. परंतु कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता. पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, माणसाइतका वाढणारा. गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या महसीरांचे जे विक्रम सांगितले जातात त्यांतला १२० पौंडांचा मासा १९४६ साली तिकडच्याच पाण्यात निघाला होता. कर्नाटकात कावेरीच्या काठी गालिबोरे येथे गळमासेमारीची छावणी होती. तेथील नियम पुतण्याच्या नियमांसारखाच होता : मासा धरावा, तोलावा, सोडून द्यावा आणि वहीत लिहावा. किती तास बसलो, कोणता मासा मिळाला, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातील त्या वह्या अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी एकत्र करून २०१५ मध्ये त्यांचा निष्कर्ष मांडला.

तो धक्का देणारा होता. महसीरांची एकूण संख्या वाढत होती. म्हणून सर्वांना वाटे की नदी सुखात आहे. परंतु वाढत होता तो बाहेरून आलेला निळ्या परांचा मासा. कुबडाचा महसीर वर्षागणिक विरळ होत चालला होता आणि जो मिळे तो अधिकाधिक मोठा असे. वरवर पाहता मोठा मासा मिळणे ही आनंदाची बाब. परंतु त्याचा अर्थ असा होता की, म्हातारे तेवढे उरले आहेत, पिले वाढतच नाहीत. ज्या घरात सगळेच वडीलधारे आहेत आणि पाळणा हलत नाही, तसली ही श्रीमंती. त्या माशाला नेमके शास्त्रीय नाव मिळाले ते २०१८ मध्ये आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला.

यात कुलकर्ण्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांनी जो मासा वाचविला तो त्याच्या स्वतःच्या नद्यांत वाचला. दुसऱ्याच्या घरात पाहुणा किती दिवस राहिला म्हणजे घरमालक होतो, हे त्या काळी कोणाला उमगले नव्हते. हिमालयातील ट्राउटही तेथल्या मूळच्या माशांना जड जातोच. परंतु कावेरीची चूक आज आपल्याला कळली ती कशामुळे, हे पाहण्यासारखे आहे. ती कळली करमणुकीसाठी बसलेल्या माणसांनी प्रामाणिकपणे लिहिलेल्या आकड्यांमुळे. त्यांच्यापैकी प्रत्येकाने जर मित्रांपुढे बढाई म्हणून एखादा शेर वाढविला असता, निसटलेला मासा धरला असता, निळ्याला कुबडाचा म्हटले असते, तर त्या वह्यांची किंमत रद्दीइतकी झाली असती. मासा तर पाण्यात परत गेलेला. मागे उरला तो केवळ माणसाचा शब्द.

येथे मला माझ्या तापीची आठवण झाली, आणि या लेखाच्या आरंभी लिहिलेले एक वाक्य दुरुस्त करणे भाग आले. माशांशी आमचा संबंध आला नाही, हे संपूर्ण खरे नाही. १९६१ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो, अण्णा तेरांचे. आम्ही घरी न सांगता नानपुऱ्याच्या डक्का ओवाऱ्यावर जात असू. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी तेथवर चढे आणि त्याबरोबर बोईचे थवे येत. बांबूची काठी, शिवणाचा दोरा, वाकवलेली टाचणी आणि आईच्या परातीतून चोरलेली कणीक. मासा घरी नेण्याची सोय नव्हती, म्हणून धरून पुन्हा पाण्यात सोडीत असू. जीवदयेचा त्यात काही भाग नव्हता. एकदा पैज लागली. ओवाऱ्याच्या दोन टोकांना दोघे बसलो, दिवेलागणीपर्यंत जो अधिक धरील तो जिंकला. अण्णांनी सहा धरले. मी पाच धरले आणि सात सांगितले. अण्णांनी प्रश्न विचारला नाही. संक्रांतीसाठी पैसे साठवून सुरती मांज्याने भरलेली आपली फिरकी त्यांनी माझ्या हातात ठेवली. त्या संक्रांतीला मी गच्चीवर पुष्कळ पतंग कापले आणि अण्णा शेजारी उभे राहून ओरडत होते.

अण्णांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. हे त्यांना सांगावयाचे राहून गेले. सांगण्यासारखे ते फार मोठे नव्हते आणि म्हणूनच राहिले.

तापीवर १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. १९९५ मध्ये शहरातच सिंगणपूरला बंधारा बांधला गेला आणि भरतीचे पाणी त्याच्या अलीकडेच थांबू लागले. शहराला प्यायला पाणी मिळाले, शेतीला मिळाले; त्याविषयी कुरकुर करणारा मी कोण? परंतु समुद्रातून गोड्या पाण्याकडे अंडी घालण्यासाठी चढणारे मासे, ओवाऱ्यावरचे ते थवे, त्यांचे पुढे काय झाले, किती होते आणि किती उरले, याची वही आम्ही काठावर राहणाऱ्यांनी ठेवली नाही. उद्या एखादा अभ्यासक आला आणि त्याने माझ्यासारख्या म्हाताऱ्याला विचारले की, आजोबा, १९६१ साली नानपुऱ्याला एका सायंकाळी एका पोराला किती मासे मिळत, तर गेल्या महिन्यापर्यंत मी सवयीने सांगितले असते : सात.

घारीचे डबे नेण्यासाठी पुतण्या आला तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. त्याने सहजपणे विचारले, “बाबांना सहा मिळाले होते, हे नक्की?” मी म्हटले, “नक्की.” त्याने खिशातून ती वही काढली, अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घातली, ठिकाण लिहिले, आमची दोघांची नावे लिहिली आणि अण्णांच्या नावापुढे सहा व माझ्या नावापुढे पाच असे आकडे मांडले. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “काका, सही करा.”

मी सही केली. सौभाग्यवतींनी घारीचा पाचवा डबा आणून त्याच्या पिशवीत ठेवला. तो कोणासाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पुढच्या होळीला कसब लागेल, एवढे तेवढे जरीवाल्या शेजाऱ्याला आठवणीने कळवावयाचे आहे.